दत्तूच्या गाडीचा ब्रेक

दत्तूची पिकअप पोलीस ठाण्याच्या आवारातून सुटून आली, तेव्हा त्याला जाऊन साडेचार महिने झाले होते. क्रेनवाल्यानं शनिवारी दुपारी ती डिंडोलीत पंडितच्या गॅरेजसमोर उतरवली, साखळी सोडली आणि कागदावर सही मागितली. पंडितनं सही केली. गाडीकडे त्यानं धड पाहिलंही नाही. शेजारच्या दोघांच्या मदतीनं ती शेडमध्ये ढकलून घेतली, वर ताडपत्री टाकली आणि हात न धुताच घरी गेला.

दत्तू हा पंडित सोनवणेचा पाठचा भाऊ. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. पारोळ्याकडच्या गावातून पंडित आधी सुरतेत आला, दहा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात घासला, मग स्वतःचं शेड टाकलं आणि दत्तूला बोलावून घेतलं. दत्तूला पाना धरण्यात रस नव्हता, त्याला स्टिअरिंग हवं होतं. बमरोलीच्या लूमवरून कापडाचे ताके भरायचे आणि पर्वत पाटियाकडे व्यापाऱ्यांच्या गोदामात टाकायचे, हे काम तो सहा वर्षं करत होता. त्यातली शेवटची तीन वर्षं स्वतःच्या गाडीवर. डिसेंबरात एका दुपारी भरलेली गाडी पुलाच्या उतारावरून खाली येताना थांबलीच नाही. डावीकडे वळली आणि विजेच्या खांबावर गेली. दार उघडलं, दत्तू बाहेर फेकला गेला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याचा फोन सीटखाली सापडला, चालू अवस्थेत. लोकांना बोलायला तेवढं पुरलं. फोनवर असेल, डुलकी लागली असेल, दुपारचं जेवण अंगावर आलं असेल. कोणी तर बाटलीपर्यंत गेलं. दत्तू दारूच्या थेंबाला शिवत नव्हता हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी.

पण फोनची गोष्ट पहिल्यांदा तोंडातून काढली ती पंडितनंच. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हवालदारानं विचारलं होतं, गाडीत काही दोष होता का म्हणून. पंडितला ते ऐकून रागच आला होता. "दोष कसला? तीनच दिवस झाले, माझ्या हातानं ब्रेक केलेत मी. पेडल दगडासारखं होतं. फोनवर बोलत असेल, दुसरं काय." ते तसंच जबाबात उतरलं आणि त्याखाली त्यानं सही केली. खोटं बोलतोय असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. ब्रेकचं काम म्हणजे पंडितचं नाव. उधन्यापासून लोक गाड्या घेऊन यायचे. पेडलवर पाय ठेवला की कुठल्या चाकात काय बिघडलंय ते तो डोळे मिटून सांगायचा.

संक्रांतीनंतर एकदा तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे ब्रेक करत होता. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसला, डबीत तेल किती उरलंय ते पाहायला मान वर केली आणि तिथंच थांबला. त्याला दत्तूच्या गाडीची डबी आठवली. अपघाताच्या तीन दिवस आधी त्यानं मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलात पोचवणारा भाग, बदलला होता, कारण जुन्याचे रबर गेले होते आणि पेडल हळूहळू खाली बसत होतं. नवा बसवून हवा काढत असताना एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं, बोलण्यात वेळ गेला, आणि ब्रेक ऑइलची डबी तळाला गेली. कोरडी. पेडल दाबलं की तेलाऐवजी हवाच आत जात होती. पंडितनं स्वतःलाच एक शिवी हासडली, डबी भरली आणि चारही चाकांची हवा पुन्हा पहिल्यापासून काढली. पेडल वर आलं, कडक झालं. काम झालं.

जुन्या गाडीत तेवढ्यानं काम होतंच. पण दत्तूची गाडी एबीएसवाली. तिच्यात मास्टर सिलेंडर आणि चाकं यांच्यामध्ये एक पेटी असते, मुठीपेक्षा थोडी मोठी, आत बारीक व्हॉल्व आणि एक पंप. एरवी ते व्हॉल्व बंद असतात. ब्रेक जोरात मारला आणि चाक घसरायला लागलं, की ते उघडझाप करतात आणि चाकाला जाम होऊ देत नाहीत. त्या बंद व्हॉल्वच्या मागं हवा शिरून बसली, तर चाकावरून कितीही तेल सोडा, ती हलत नाही. पेडलला तिचा पत्ताही लागत नाही. ती बाहेर येते ते एबीएस पहिल्यांदा चालेल तेव्हाच.

त्या दिवसापासून पंडितच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. बायकोला, पुष्पाबाईला, त्यानं आठवडाभरानं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं तसंच हातात राहिलं. मग म्हणाली, "कोणाले सांगू नका."

रविवारी सकाळी नऊला पंडितनं ताडपत्री काढली. पुष्पाबाई चहा घेऊन मागोमाग आली.

"कशाले उकरता आते?" ती म्हणाली. "गाडी विकाले काढेल शे. जशी शे तशी जाऊ द्या."

"मले पाह्यनं शे."

"पाहून तो परत येणार शे का?"

 गाडीचं नाक डाव्या बाजूनं चेपलं होतं, काच नव्हती, पण आतली सीट, स्टिअरिंग, पेडल जागच्या जागी होतं. सीटवर धूळ होती. दत्तूचा एक टॉवेल सीटच्या पाठीला गुंडाळलेला तसाच होता. पंडित बाहेर उभा राहूनच वाकला आणि हातानं पेडल दाबलं. ते गुळगुळीतपणे, काही न अडता, जवळजवळ तळापर्यंत गेलं. ओल्या कणकेत बोट जावं तसं.

तो उठून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. चहा निवला. पुष्पाबाईनं कप उचलून नेला.

मग तो परत आला आणि कामाला लागला. त्याला खरं तर एकच गोष्ट हवी होती. दुसरं काहीतरी सापडावं. कुठंतरी फाटलेली नळी, गळणारा जोड, कंपनीतूनच खराब आलेला सिलेंडर. काहीही चाललं असतं, फक्त ते त्याच्या हातचं नसावं.

त्यानं आधी डबी पाहिली. तेल वरच्या रेघेपर्यंत होतं. म्हणजे कुठून गळलं नव्हतं. तरी तो गाडीखाली सरपटला आणि बॅटरीच्या उजेडात नळी न् नळी बोटानं चाचपली. बोट कोरडं. चारही चाकं काढली, आतून पाहिलं. कोरडी. पॅड अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होते.

मग त्यानं पुष्पाबाईला सीटवर बसवलं. हे काम दोघांचं असतं, एकानं दाबायचं आणि दुसऱ्यानं पाहायचं; आणि पूर्वी, शेडमध्ये कोणी मदतीला नसायचं तेव्हा, दाबायला तीच बसायची. तिला सगळं ठाऊक होतं. "दाबून धर," तो म्हणाला. "पाच मिनिटं. सोडू नको."

मास्टर सिलेंडर आतून गळत असता तर धरलेलं पेडल हळूहळू खाली उतरलं असतं. पंडित पेडलकडे टक लावून बसला. उतर, तो मनात म्हणत होता. उतर की. पुष्पाबाईचा पाय थरथरायला लागला, पण पेडल होतं तिथंच होतं. नवा सिलेंडर निर्दोष होता.

"आता पटापट चार वेळा दाब."

तिनं दाबलं. चौथ्या वेळी पेडल वर आलं आणि थोडं कडक झालं. पाच मिनिटं सोडून पुन्हा दाबलं, पुन्हा मऊ. हे हवेचंच लक्षण. उकळलेल्या तेलाचं म्हणावं, तर ते गार झालं की पेडल पूर्ववत होतं, आणि ही गाडी साडेचार महिने गार पडून होती.

एक शेवटची गोष्ट राहिली होती. चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या त्यानं कापडाच्या पट्ट्या गुंडाळून चिमट्यांनी आवळल्या. आता चाकांपर्यंत तेल जाणारच नव्हतं. हवा चाकांच्या बाजूला असेल, तर पेडल कडक लागायला हवं होतं.

"दाब."

"मऊच शे," पुष्पाबाई म्हणाली, आणि तिनं त्याच्याकडे न बघता पाय काढून घेतला.

म्हणजे हवा नळ्यांच्या अलीकडे होती. सिलेंडर आणि नळ्या यांच्यामध्ये दुसरं काही नव्हतं, ती पेटीच होती.

पंडितनं विकासला फोन केला.

विकास बोरसे तिशीचा, सुरतेतच जन्मलेला, नव्या गाड्यांचं काम करायचा. त्याच्याकडे स्कॅनर होता, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं मशीन. ते जोडलं की पेटीतले व्हॉल्व आणि पंप उभ्या गाडीत चालवता येतात. पंडितला त्याच्याविषयी पूर्वी थोडा तिरस्कारच होता. मशीन सांगतं तेवढंच करणारा, म्हणायचा तो. तासाभरात विकास आला. बाहेरची बॅटरी लावली, स्कॅनर जोडला, स्क्रीन वाचला.

"बिघाडाचा कोड तर एकपण नाही, काका. पेटी बराबर छे." मग त्यानं पंडितच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, क्रॅशमधी पण हवा शिरू शकते हां. तुम्ही एकदम असं धरून नका चालू."

"कुठून शिरली? एक थेंब गळलेला दाखव मले."

विकासनं वाकून गाडीखाली पाहिलं.

"त्यानं तुले विचारलं व्हतं ना?" पंडित म्हणाला. "त्या आठवड्यात?"

विकासनं मान हलवली. "चहाच्या टपरीवर भेटला होता. मास्टर सिलेंडर बदलायचाय म्हणाला. मी म्हटलं, एबीएस आहे, नंतर मशीन लावून घे, दहा मिनिटाचं काम. म्हणाला, दादाला विचारतो."

विचारलं होतं. याच शेडमध्ये, याच गाडीला टेकून. दादा, विकास म्हणतो मशीन लावावं लागतं, जाऊन येऊ का तिकडं? आणि पंडितनं हातातला पाना खाली आपटला होता. तीस वर्षं मी काय गवत उपटलं का? माझा पाय मशीन शे. दत्तू हसला होता. बरं बाबा, तुझा पाय मशीन, म्हणून गाडी घेऊन गेला होता. सकाळी बमरोलीला माल भरायचा होता.

हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. पुष्पाबाईलाही नाही.

विकास आल्यावर ती पुन्हा सीटवर बसली होती; आता उतरायला लागली आणि मध्येच थांबली. शेडच्या दारात कविता उभी होती, दत्तूची बायको. गाडी दत्तूच्या नावावर, त्यामुळे सोडवायच्या कागदांवर सह्या तिच्याच होत्या. गाडी आल्याचं तिला कळलं होतं. ती आतल्या वस्तू न्यायला आली होती. हातात कापडी पिशवी. पंडितला बघताच तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण जेठाशी, थोरल्या दिराशी, ती समोरासमोर कधी बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर पुष्पाबाईमार्फत. गावाकडची रीत तिनं सुरतेतही मोडली नव्हती.

"ताई, काय चालू शे हे?" तिनं पुष्पाबाईला विचारलं.

पुष्पाबाई म्हणाली, "काही नही. गिऱ्हाईक येणार शे गाडीले, म्हणून..."

"ब्रेक पाहतोय," पंडित म्हणाला.

 कवितानं पिशवी गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवली. उघड्या चाकांकडे, आवळलेल्या नळ्यांकडे, स्कॅनरच्या वायरीकडे पाहिलं. मग ती पुढं आली.

"उतरा तुम्ही, ताई. मी बसते."

"अगं, तुला काय..."

"बसते मी."

ती दत्तूच्या सीटवर बसली. टॉवेलला तिची पाठ लागली तशी ती थोडी पुढं सरकली. चप्पल काढून उजवा पाय पेडलवर ठेवला. विकासला काय करावं कळेना, तो पंडितकडे पाहत राहिला. पंडितनं चिमटे काढले, मागच्या चाकाशी बसला, हवा सोडायच्या तोटीला, निपलला, पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक तेल भरलेल्या बाटलीत बुडवलं.

"बाई," तो म्हणाला. तिच्याशी थेट काय म्हणून बोलायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. "मी दाब म्हटलं की दाबायचं. पेडल खाली गेलं तरी पाय काढायचा नाही. सोड म्हटलं की सोडायचं."

"हं."

"दाब."

तिनं दाबलं. पंडितनं पाना फिरवला. विकासनं स्क्रीनला बोट लावलं आणि पेटीतला पंप घरघरला, व्हॉल्व कटकट वाजू लागले.

"पायाखाली थरथरतंय," कविता आतून म्हणाली. आवाज बदलला होता. "असंच होतं का?"

विकास म्हणाला, "हो वहिनी. जोरात ब्रेक मारला की असंच होतं."

"त्यांनाही झालं असेल."

पंडितचं लक्ष नळीवर होतं. आधी नुसतं तेल आलं, मळकट पिवळं. मग एक बुडबुडा. मग बारीक बारीक फेस, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक, बाटलीत वर येऊन फुटणारे. विकासनं पुन्हा बोट लावलं. पुन्हा घरघर, आणि या वेळी एक लांबलचक हवेचा तुकडाच नळीतून सरकत आला, बोटभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी तेल आणि मध्ये काही नाही. इतका स्वच्छ की त्याच्यातून बाटलीमागची फरशी दिसत होती.

पंडितनं निपल आवळला. 

"सोड," म्हणायचं तो विसरला. कविता पेडल दाबून बसूनच राहिली होती. शेवटी पुष्पाबाईनं तिच्या खांद्याला हात लावला.

बाकीची तीन चाकं त्यांनी त्याच पद्धतीनं केली. पंडितला थांबता आलं असतं, कळायचं ते कळलं होतं. पण निम्मं काम टाकून उठणं त्याच्या हातांना जमेना. प्रत्येक चाकातून हवा आली, पुढच्या डाव्या चाकातून सगळ्यात कमी. शेवटी नळीत नुसतं तेल वाहायला लागलं. कवितानं न सांगता पुन्हा एकदा पेडल दाबलं, आणि ते वरच अडलं, कडक, हलेना. तिनं सगळा जोर लावला. सीटवरून अर्धवट उठून दाबलं. हललं नाही.

ती खाली उतरली. पदर डोक्यावरून मागं गेला होता, तिनं तो सारखा केला नाही.

"दादा," ती म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "मले समजेल अशा भाषेत सांगा."

पंडित फरशीवरच बसला होता. त्यानं सांगितलं. डबी कोरडी पडली ते सांगितलं. पेटीत हवा अडकते ते, आणि ती तीन दिवस तिथं गप्प बसली असणार तेही. उतारावर काहीतरी आडवं आलं असेल, त्यानं जोरात ब्रेक मारला असेल, एबीएस चाललं, आणि ती हवा पेटीतून पेडलच्या तेलात आली. दुसऱ्यांदा पाय मारला तेव्हा पायाखाली काही उरलंच नसेल. हे सांगून झालं आणि तो थांबला. इथं थांबला असता तरी पुरलं असतं. विकास जमिनीकडे पाहत होता, तो काही बोलला नसता.

"त्यानं विचारलं व्हतं," पंडित म्हणाला. "विकासकडे मशीन लावून घेऊ का म्हणून. मी जाऊ दिलं नाही."

पुष्पाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

कविता उभीच होती.  बाहेरून एक रिक्षा गाणं वाजवत गेली.

"म्हणजे त्यांनी ब्रेक मारला होता," ती म्हणाली.

"हो."

"झोपेल नव्हते."

"नाही."

"फोनवर नव्हते."

"नाही, बाई."

"साडेचार महिने," ती म्हणाली. "शाळेत पोरीला पोरं म्हणतात, तेरे पप्पा मोबाईल देख रहे थे. मी पण तिला तेच सांगितलं. गाडी चालवताना मोबाईल घेऊ नये बाळा, तुझ्या पप्पांनी घेतला होता. मी सांगितलं. माझ्या तोंडानं." ती रडत नव्हती. "तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

पंडितनं हात जोडले. ते तेलानं माखलेले होते. कवितानं त्या हातांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"मी नाही सांगणार तिला," ती म्हणाली. "तुम्ही येऊन सांगा."

तिनं कप्प्यातून दत्तूचा चष्मा, एक डायरी आणि सुटे कागद काढून पिशवीत घातले. टॉवेल सोडवायला गेली, गाठ सुटेना, तसाच राहू दिला.

सोमवारी पंडित ठाण्यात गेला. जबाब बदलायचाय म्हणाला. टेबलामागचा जमादार वयस्क होता, त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. "काका, केस तो फाइल थई गयो. मरनार पोतेज चालक. हवे कोना माटे बदलवुं छे?" केस बंद झाली, मरणारा स्वतःच चालक, आता कोणासाठी बदलायचं, असं त्याचं म्हणणं. पंडित म्हणाला, दत्तूच्या नावावर लागलंय ते काढायचंय. जमादारानं एका कागदावर अर्ज लिहून घेतला आणि ठेवून दिला. त्याच्या आवाजातली कीव पंडितला सहन झाली नाही. कुणीतरी कानाखाली मारायला हवी होती.

गल्लीत त्यानं स्वतःच सांगितलं, पानाच्या गादीवर, दळणाच्या रांगेत, जिथं जिथं फोनची गोष्ट चघळली गेली होती तिथं. काहींनी खांद्यावर हात ठेवला. होतं असं, मुद्दाम थोडंच केलं. काहींनी दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला. एका रिक्षावाल्यानं निम्मी खोललेली गाडी ढकलत दुसरीकडे नेली, आणि पंडितनं त्याला सुटे भाग आवरून द्यायला मदत केली.

दत्तूच्या पोरीकडे, योगिताकडे, जायला मात्र त्याला चार दिवस लागले. रोज संध्याकाळी तो कविताच्या चाळीच्या कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. पाचव्या दिवशी पुष्पाबाई सोबत आली, तिनं दार वाजवलं.

योगिता चौथीत, गुजराती शाळेत. उंबऱ्याजवळ बसून वहीत काहीतरी रंगवत होती. कविता आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली नाही. पंडित पोरीसमोर मांडी घालून बसला. काय काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं, ते सगळं आता बिनकामाचं निघालं.

"बेटा," तो म्हणाला, "पप्पा मोबाईल पाहत नव्हते."

तिनं मान वर केली.

"झोपले पण नव्हते. त्यांनी ब्रेक मारला होता. जोरात मारला होता. ब्रेक लागला नाही. ब्रेकमध्ये हवा राहिली होती. ती माझ्यामुळं राहिली."

"तुम्हारे से?"

"हां. मी नीट काम नाही केलं."

ती विचार करत राहिली. हातातला खडू तिनं वहीच्या घडीत ठेवला. तिच्या बापासारखी तीही विचार करताना खालचा ओठ आत घ्यायची.

"अब ठीक है?" तिनं विचारलं. "पप्पांच्या गाडीचा ब्रेक? आता लागतो?"

"लागतो," पंडित म्हणाला.

"चांगला?"

 त्यानं मान हलवली. तीही मान हलवून पुन्हा वहीकडे वळली, पण रंगवलं काहीच नाही, नुसती बसून राहिली. जरा वेळानं तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं. पुष्पाबाईनं पंडितला दंडाला धरून उठवलं.

मेमध्ये शाळा सुटल्यावर कविता पोरीला घेऊन माहेरी शहाद्याला गेली. कधी निघाली ते तिनं सांगितलं नाही. खोलीला कुलूप दिसलं तेव्हा शेजाऱ्यांकडून कळलं. गाडी भंगारवाल्यानं नेली. पंडित शेड उघडतो. पंक्चर काढतो, ऑइल बदलतो, क्लचची वायर घालतो. ब्रेकचं कोणी आलं तर विकासचा पत्ता देतो. पुष्पाबाई दुपारचा डबा घेऊन येते आणि तो खाईपर्यंत उठत नाही, कारण ती गेली की डबा तसाच परत येतो, हे तिच्या लक्षात आलंय.

परवा शहाद्याहून कोणीतरी आलं होतं. योगिताचं नाव तिकडं मराठी शाळेत घातलंय म्हणे. मागचं गुजराती असल्यामुळं पोरगी थोडी मागं पडते, पण शिकेल. पंडितनं ऐकून घेतलं. आणखी काही विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण विचारायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही हे त्याला ठरवता आलं नाही, आणि तोवर तो माणूस चहा पिऊन निघून गेला होता.